ओळखीचा घोटाळा

नाताळच्या सुटीपूर्वीच्या शनिवारी आमच्या शाळेच्या सभागृहात इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांस 'अंगूर' हा हिंदी चित्रपट दाखविण्यात आला. त्यानंतर चार-पाच पालकांनी आम्हांस समक्ष भेटून, आणि दोघांनी पत्र लिहून, असे विचारले की, परीक्षा तोंडावर आली असता मुलांस दोन-अडीच तास हसविण्यात शाळेने काय साधले? चित्रपट निवडला तो आम्हीच. तेव्हा उत्तर देणे हेही आमचेच काम होय. हे उत्तर तोंडी देता आले असते. परंतु त्यात आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली द्यावयाची असल्यामुळे ती चौघांच्या कानांत न देता सर्वांच्या समक्ष द्यावी, म्हणून या वार्षिकाची दोन-चार पाने आम्ही मागून घेतली आहेत.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्याकरिता कथानक थोडक्यात सांगतो. एका जोडप्यास जुळे मुलगे होतात आणि दोघांचेही नाव अशोक ठेवले जाते. त्याच जोडप्याच्या पदरी दुसरे एक जुळे येते; त्या दोघांचेही नाव एकच, बहादुर. पुढे समुद्रावरील अपघातात कुटुंबाची ताटातूट होते. एक अशोक व एक बहादुर एकीकडे वाढतात, दुसरा अशोक व दुसरा बहादुर दुसरीकडे. पुष्कळ वर्षांनी त्यांपैकी एक अशोक द्राक्षांचा मळा विकत घेण्याच्या हेतूने, जवळ मोठी रक्कम बाळगून, आपल्या बहादुरासह एका परक्या गावी येतो आणि हॉटेलात उतरतो. नेमक्या त्याच गावी दुसरा अशोक आपली पत्नी, मेहुणी आणि नोकर बहादुर यांसह सुखाने राहत असतो. एकास दुसऱ्याची वार्ताही नसते. मग हॉटेलातल्या पाहुण्यास लोक गावातला गृहस्थ समजतात, गृहस्थाची पत्नी पाहुण्यास घरी ओढून नेते, जवाहिऱ्या एकाचा हार दुसऱ्याच्या हाती देतो, आणि बहादुराची बायको भलत्याच बहादुरावर हक्क सांगते. शेवटी चौघे समोरासमोर उभे राहतात तेव्हा कोठे उलगडा होतो.

हा चित्रपट १९८२ साली गुलजार यांनी लिहिला व दिग्दर्शित केला. दोन्ही अशोक संजीवकुमार यांनी वठविले आणि दोन्ही बहादुर देवेन वर्मा यांनी. देवेन वर्मा यांचे वास्तव्य अखेरच्या काळात पुण्यास होते व २०१४ साली तेथेच त्यांचे निधन झाले. या भूमिकेबद्दल त्यांस विनोदी नटाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले होते. एकच नट एकाच चित्रात दोन ठिकाणी कसा दिसतो, हा प्रश्न मुलांनी त्या दिवशी आम्हांस दहा वेळा तरी विचारला. जुन्या पद्धतीत कॅमेऱ्याचा अर्धा भाग झाकून एका बाजूचे चित्रण करीत. नंतर तीच फिल्म मागे गुंडाळून, झाकलेला अर्धा उघडा करून, त्याच नटाचे दुसऱ्या वेषात पुन्हा चित्रण करीत. दोन अर्धांचा सांधा खांबाआड किंवा दाराच्या चौकटीआड लपवावयाचा. नटास मात्र मोकळ्या जागेकडे पाहून, तेथे आपला भाऊ उभा आहे असे समजून बोलावे लागे.

या कामात महाराष्ट्राचा मान पहिला आहे, हेही मुलांस ठाऊक असावे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचे काम करण्यास कोणी स्त्री मिळेना. अखेर मुंबईत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांस त्यांनी तारामती केले. याच साळुंक्यांनी १९१७ सालच्या 'लंकादहन' चित्रपटात रामाची व सीतेची अशा दोन्ही भूमिका केल्या. आपल्या देशातील चित्रपटांतील ही पहिली दुहेरी भूमिका समजली जाते. कालपर्यंत गिऱ्हाइकांपुढे बशा ठेवणाऱ्या हातांस लोकांनी पडद्यावर हात जोडले. माणसास आपण कोठे व कोणत्या वेषात पाहतो यावर त्याची ओळख किती अवलंबून असते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

'अंगूर'ची मूळ कथा शेक्सपिअरची. त्याचे 'कॉमेडी ऑफ एरर्स' हे नाटक त्याच्या सर्व नाटकांत आकाराने लहान आहे. त्याचा पहिला नोंदलेला प्रयोग लंडनमधील ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत २८ डिसेंबर १५९४ रोजी झाला. त्या रात्री प्रेक्षकांतच एवढा गोंधळ माजला की पुढे लोक त्या रात्रीस घोटाळ्यांची रात्र म्हणू लागले. शेक्सपिअरनेही हे कथाबीज प्लॉटस नावाच्या प्राचीन रोमन नाटककाराकडून घेतले. बंगालीत ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९ साली 'भ्रांतिविलास' या नावाने ते कथारूपाने आणले. त्यावर १९६३ साली बंगाली चित्रपट निघाला, १९६८ साली 'दो दूनी चार' हा हिंदी चित्रपट निघाला, आणि मग 'अंगूर'. मराठी रंगभूमीवरही याच गोत्राचे नाटक आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या १६६० सालच्या प्रहसनाचा धागा घेऊन १८९३ साली 'फाल्गुनराव' लिहिले, आणि तेच पुढे १९१६ साली 'संगीत संशयकल्लोळ' होऊन गाजले. तेथे माणसांची अदलाबदल नाही. एक तसबीर भलत्याच्या हाती पडते आणि दोन घरांची झोप उडते. कारण निराळे, परंतु रोग तोच.

हा रोग कोणता, ते सांगण्यापूर्वी दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. असल्या कथा बहुधा हॉटेलात, खाणावळीत किंवा सराईत सुरू होतात. शेक्सपिअरचा परगावचा पाहुणा सेंटॉर नावाच्या सराईत उतरतो. रशियन लेखक गोगोल याच्या १८३६ सालच्या नाटकातही खाणावळीत एक रिकामटेकडा तरुण उतरलेला असतो. बिल द्यावयास त्याच्याजवळ पैसा नसतो, आणि गावचे अधिकारी त्याला राजधानीहून गुप्तपणे आलेला तपासनीस समजून त्याच्या पायघड्या घालतात. हेच नाटक पु. ल. देशपांडे यांनी १९५२ साली 'अंमलदार' म्हणून मराठीत आणले. त्यापूर्वी १९५० साली चेतन आनंद यांनी त्यावर 'अफसर' हा हिंदी चित्रपट काढला होता.

हॉटेलच का? कारण घरी माणूस माणूस असतो आणि हॉटेलात तो वहीतील एक नाव व खोलीचा एक क्रमांक असतो. आपल्या आळीत आपणांस चालीवरून, खोकल्यावरून, सायकलीच्या घंटेवरून ओळखतात. परक्या गावी हे सर्व आधार गळून पडतात आणि उरते केवळ नाव. आमच्या कोकणात आडनावांची गंमत पाहावी. पेणमध्ये राहणाऱ्यास कोणी पेणकर म्हणत नाही. तेथे सगळेच पेणचे. तो गाव सोडून दुसरीकडे गेला म्हणजे पेणकर होतो. तीच गोष्ट रोहेकराची. आमच्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्राएल बांधवांतही पेणकर, रोहेकर ही आडनावे याच रीतीने आली आहेत. शेजारी मात्र त्यांस दीर्घकाळ शनिवार तेली म्हणत. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि सुटी शनिवारची, एवढ्यावरून. नावाने माणसाचा पत्ता लागतो. माणूस लागतो असे नाही.

आता रोगाकडे वळू. वरवर पाहता असे वाटते की, 'अंगूर'मधील सारा गोंधळ चेहरे सारखे असल्यामुळे होतो. आमचे मत तसे नाही. पेणच्या मुलांस हे पटवून द्यावयास नको. हमरापूर, जोहे या गावांतील गणपतीच्या कारखान्यांत एकाच साच्यातून निघालेल्या शेकडो मूर्ती फळीवर ओळीने मांडलेल्या असतात. पाहणाऱ्यास त्या सर्व सारख्या दिसतात, पण डोळ्यांची आखणी करणारा कारागीर आपल्या हातची मूर्ती बरोबर काढून दाखवितो. त्याने ती नीट पाहिलेली असते, एवढाच फरक. सारखेपणा हा केवळ निमित्त असतो. घोटाळा करतो तो न पाहण्याचा व न विचारण्याचा स्वभाव.

चित्रपटातील पात्रे या दृष्टीने एकेक तपासावी. हॉटेलात उतरलेला अशोक हेरकथांचा मोठा वाचक आहे. त्यामुळे गावात कोणी आपुलकीने हाक मारली तरी त्याच्या मनात एकच येते की, आपले पैसे लुबाडण्याकरिता चोरांची टोळी मागे लागली आहे. गावातल्या अशोकाच्या पत्नीचे पतीशी हारावरून भांडण झालेले आहे. त्यामुळे समोरचा गृहस्थ, मी तुमचा पती नव्हे, असे कळवळून सांगतो तेव्हा ती समजते की हा रागाचे सोंग करतो आहे. जवाहिऱ्यास आपल्या हाराची चिंता. प्रत्येकाजवळ एक तयार गोष्ट आहे आणि समोर जे घडेल ते तो त्या गोष्टीत बसवून टाकतो. खरे बोलणारा माणूस समोर उभा राहून खरे बोलत असतो; ऐकणारा मात्र आपलीच गोष्ट ऐकत असतो. आपण कोण, कोठून आलात, आपले आईबाप कोण, एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारून त्यांची उत्तरे कोणी ऐकून घेतली असती, तर चित्रपट अर्ध्या तासात संपला असता.

शेक्सपिअरने हा स्वभाव पक्का ओळखला होता. त्याने आपल्या नाटकाची जागा बदलून ती इफिसस शहरात नेली. पवित्र शास्त्राच्या वाचकांस हे शहर परिचित आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तेथील जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके जाळल्याची हकीकत आहे, आणि त्या पुस्तकांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली असे सांगितले आहे. त्या काळच्या प्रेक्षकांच्या मनात इफिसस म्हणजे चेटक्यांचे शहर. म्हणून नाटकातील परका पाहुणा, लोक आपणांस ओळखतात असे दिसताच, हे चेटूक आहे असा निर्णय करून मोकळा होतो. गुलजारांनी चेटकाच्या जागी हेरकथा घातली. साडेतीनशेहून अधिक वर्षांनी माणसाच्या डोक्यातील सामान बदलले. डोके तेच राहिले.

येथपर्यंतची चर्चा आम्ही वर्गात शांतपणे करू शकलो असतो. परंतु चित्रपट निवडण्याचे खरे कारण निराळे आहे, आणि ते आता सांगणे प्राप्त आहे.

यंदा इयत्ता नववीच्या एकाच तुकडीत नाव व आडनाव अगदी एकसारखे असलेले दोन विद्यार्थी आहेत. पाटील, म्हात्रे अशी आडनावे जेथे घरोघर आढळतात तेथे हे नवल नव्हे. एक पेणजवळच्या गावचा. त्याचे वडील गणपतीच्या कारखान्यात काम करतात. दुसरा रोह्याहून रोज सकाळच्या गाडीने येतो. त्याचे वडील धाटाव येथील एका कारखान्यात पाळीवर आहेत. पावसाळ्यानंतर एके दिवशी वाचनालयातील मोठ्या नकाशासंग्रहाचे एक पान फाडलेले आढळले. तो संग्रह शेवटी कोणी पाहिला, त्याचे नाव वहीत होते. वहीत नाव होते, पण गाव नव्हते.

आम्ही रोह्याच्या मुलास बोलाविले. त्यालाच का, असे आज आम्ही स्वतःस विचारतो तेव्हा लाज वाटते. त्या आठवड्यात गाडीने येणारी मुले दोनदा उशिरा आली होती, वर्गात थोडी गडबडही झाली होती, आणि गाडीची मुले बेशिस्त, ही गोष्ट आमच्या मनात तयार होऊन बसली होती. मुलगा म्हणाला, "सर, तो मी नव्हे." आम्ही म्हणालो, "नाव तर तुझेच आहे." तो पुन्हा म्हणाला, "नाव माझं आहे, पण मी नव्हे." या वाक्यात सारे उत्तर होते. आम्हांस तो उद्धटपणा वाटला. त्यास दोन दिवस मधल्या सुटीत मैदानावर जाण्याची बंदी केली आणि वडिलांस चिठ्ठी पाठविली.

वडील दुसऱ्याच दिवशी आले. रात्रपाळी करून, घरी न जाता, तसेच गाडीने पेणास उतरले होते. आमच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी मुलाच्या वतीने माफी मागितली आणि पुस्तकाचे जे काही होईल ते भरतो म्हणून पैसे पुढे केले. आम्ही माफी स्वीकारली. पैसेही घेतले, आणि वर शिस्तीविषयी चार शब्द ऐकविले. मुलगा दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही. आता बोलून उपयोग नाही हे त्यास कळले होते, आणि ते आम्हीच त्याला शिकविले होते.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुसरा मुलगा, म्हणजे पेणजवळचा, ते पान हातात घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. त्याच्या वडिलांच्या कारखान्यातून मॉरिशसला मूर्ती जावयाच्या होत्या. मॉरिशस कोठे आहे ते वडिलांस दाखवावे म्हणून त्याने पान फाडून घरी नेले होते, परत चिकटवू या समजुतीने. आपल्या नावाच्या दुसऱ्या मुलास शिक्षा झाल्याचे पाहून दोन रात्री त्यास झोप लागली नव्हती. त्याने केले ते चूकच. पण कबुली देण्यास त्याला दोन दिवस लागले, आणि आम्हांस, वयाने तिप्पट असून, त्याहून अधिक लागले.

पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीने आम्ही रोह्यास गेलो, पैसे परत केले आणि त्या बापलेकांची क्षमा मागितली. रागावण्याचा त्यांस पूर्ण हक्क होता. मुलाच्या वडिलांनी चहा पुढे केला आणि एवढेच म्हणाले, "सर, नाव सारखं असलं की चूक व्हायचीच. पण पोरगं मला घरी म्हणालं होतं, बाबा, मी नव्हे. तुमची चिठ्ठी बघून मीही ऐकलं नाही. दोन थोबाडीत दिल्या." त्या चहाचा घोट घशाखाली उतरविणे कठीण गेले. आमच्या एका चिठ्ठीने घरात बापाचेही कान बंद करून टाकले होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी 'अंगूर' निवडला तो या कारणाने. रोमन नाटककाराच्या मूळ नाटकात जुळ्या भावांची एकच जोडी होती. नोकरांची दुसरी जोडी शेक्सपिअरने घातली. त्यामुळे घोटाळे दुप्पट झाले, हसू दुप्पट झाले, आणि आणखी एक गोष्ट झाली जिच्याकडे हसण्याच्या भरात लक्ष जात नाही. नाटकात ओळखण्यात चूक करतात मालक व मालकीण, पण मार खातात दोघे नोकर. धन्याने एक सांगितले, दुसऱ्या धन्याने ते नाकारले, की काठी नोकराच्या पाठीत. चित्रपटातही बोलणी बसतात ती बहुतेक बहादुरासच. तो खरे तेच सांगत असतो. पण त्याचा शब्द कोणी धरीत नाही. शाळेतही असेच होते. ओळखण्यात चूक मोठ्यांची, आणि ती सोसणारी पाठ लहानांची. सभागृहात तीनशे मुले खदखदून हसत होती, रोह्याचा तो मुलगाही हसत होता. आम्हीही हसलो, पण बहादुरावर कोणी ओरडले की आमचे लक्ष पडद्यावरून त्या मुलाच्या पाठीकडे जाई.

आता पालकांच्या आक्षेपांविषयी. पहिला आक्षेप असा की, असल्या चित्रपटांनी मुले फसवेगिरी शिकतात. येथे भ्रांती आणि बतावणी यांत भेद केला पाहिजे. १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी' आमच्या बहुतेक घरांत पाठ झालेला आहे. त्यात पुण्यात भाड्याने जागा मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघे स्त्रीवेष घेतात व इतर दोघांच्या बायका म्हणून मिरवितात. ती बतावणी होय. तीही आम्ही सर्वस्वी त्याज्य मानीत नाही, कारण एका खोटयामागे दहा खोटी कशी उभी करावी लागतात याचा तो उत्तम धडा आहे. 'अंगूर'मध्ये मात्र चौघांपैकी कोणीही दुसऱ्याचे सोंग घेत नाही. सगळे आपापल्या परीने खरे बोलतात आणि तरी सगळे खोटे ठरतात. मुलांस खोटे बोलू नका असे आपण रोज सांगतो. खरे बोलणाऱ्यावर विश्वास ठेवणे ही त्याच नाण्याची दुसरी बाजू होय. ती शिकविण्यास असा चित्रपट उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप भांगेविषयीचा. चित्रपटात भजांत भांग मिसळण्याचा प्रसंग आहे आणि तो हसण्यावारी नेला आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. त्या प्रसंगानंतर चित्रपट थांबवून दोन शब्द बोलावयास हवे होते. ते आम्ही बोललो नाही. पुढील वेळी ही उणीव राहणार नाही. तिसरा आक्षेप वेळेचा. त्यास उत्तर एवढेच की, ज्या चुकीने एका निरपराध मुलाचे तीन दिवस गेले आणि एका कामकरी गृहस्थाची झोप गेली, ती चूक कशी होते हे तीनशे मुलांनी अडीच तासांत पाहिले. हा व्यवहार तोट्याचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

सुज्ञ पालकांस आमची विनंती आहे की, सुटीत हा चित्रपट मुलांबरोबर बसून पाहावा आणि मुलांच्या बरोबरीने हसावे. हसून झाल्यावर मात्र एकच विचार करावा: आपल्या घरी बहादुर कोण? कोणाचे 'मी नव्हे' हे शब्द आपण उद्धटपणा समजून टाकून देतो? मोठ्या भावाचा दोष धाकट्यावर, शेजारच्या मुलाचा दोष आपल्या मुलावर, गेल्या वर्षीच्या चुकीचा दोष यंदाच्या मुलावर आपण किती सहज चढवितो! शाळेतून चिठ्ठी आली तर ती जरूर वाचावी. पण ती शास्त्रवचन नव्हे. मुलास समोर बसवून त्याची बाजू शेवटपर्यंत ऐकावी, आणि त्यानंतर आमच्याकडे यावे.

आम्ही आमच्या बाजूने काय केले तेही सांगितले पाहिजे. वाचनालयाच्या वहीत आणि हजेरीपटात आता त्या दोघांच्या नावांपुढे वडिलांचे नाव व गावाचे नाव लिहिले जाते. शिक्षा करण्यापूर्वी विद्यार्थ्यास दोनदा विचारावे आणि दोन्ही वेळा त्याचे उत्तर लिहून ठेवावे, असा नियम आम्ही स्वतःपुरता केला आहे. आणि ज्या वर्गासमोर त्या मुलास दोष दिला होता त्याच वर्गासमोर उभे राहून तो दोष आम्ही परत घेतला. दोष चारचौघांत द्यावा आणि क्षमा कोपऱ्यात मागावी, ही रीत आम्ही फार वर्षे पाळली. ती वाईट आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांसही एक सांगणे आहे. पेणच्या मुलांनी गाडीच्या मुलांविषयी आणि रोह्याच्या मुलांनी पेणच्या मुलांविषयी ज्या गोष्टी मनात तयार ठेवल्या असतील त्या एकदा तपासून पाहाव्यात. उद्या तुम्ही शिक्षणाकरिता, नोकरीकरिता मुंबई-पुण्यास जाल, वसतिगृहात, हॉटेलात, कचेरीत वहीतील एक नाव होऊन राहाल. तेव्हा कोणी तरी आपणांस पुरते पाहावे, पुरते ऐकावे, असे तुम्हांस फार वाटेल. ती सवय आजपासून दुसऱ्याविषयी लावून घ्या.

शेक्सपिअरच्या नाटकाचा शेवट आम्हांस विशेष आवडतो. मालक मंडळी आनंदाने आत निघून जातात आणि रंगभूमीवर दोघे जुळे नोकर तेवढे उरतात. दिवसभर त्यांनी एकमेकांच्या वाटणीचा मार खाल्लेला असतो. आता आत जाताना पुढे कोणी व्हावे, थोरला कोण आणि धाकटा कोण, असा प्रश्न निघतो. तो सुटत नाही. तेव्हा दोघे हातात हात घालून बरोबरच आत जातात. चित्रपट संपल्यावर आमचे दोघे एकनामी विद्यार्थी सभागृहाच्या दारातून असेच बरोबर बाहेर पडले. ग्रंथपालांनी ते फाटलेले पान मागून चिकटविले आहे. त्याचा सांधा स्पष्ट दिसतो. नवा संग्रह घ्यावा अशी सूचना आली होती; आम्ही ती नाकारली. तो सांधा तसाच राहू द्यावा, असे आमचे मत आहे.